बाळाला सोडून दिलेले नसते

गेल्या महिन्यात शब्बाथची तेफिला आटोपल्यावर एका आजीबाईंनी आम्हाला बाजूला घेतले. त्यांच्या नातीला मुलगा झाला होता आणि तो पगियात, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बाळांच्या विभागात होता. डॉक्टरांनी 'टिपूल पालियाटिवी' असे शब्द काढले होते. आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, म्हणजे आमच्या पोराला आता सोडून दिलं का हो?"

आम्ही डॉक्टर नाही, आयुष्यभर शाळेत शिकवले. पण हा प्रश्न कोणाच्याही घरी येऊ शकतो. म्हणून वाचून, जाणत्यांना विचारून जे समजले ते आपल्या मराठीत सांगतो.

काही बाळे अशी जन्मतात की त्यांचा आजार आज कोणत्याही उपायाने बरा होत नाही. कोणाचा मेंदू घडलेलाच नसतो, कोणाला दोन्ही मूत्रपिंडे नसतात, कोणी फारच आधी जन्मलेले असते. अशा वेळी बरे करण्याचे उपाय संपतात, पण सेवा संपत नाही. बाळाला दुखू नये, धाप लागू नये, थंडी वाजू नये, ते एकटे पडू नये, यासाठी जे जे करतात त्याला टिपूल पालियाटिवी म्हणतात. वेदनेवर मॉर्फीनसारखे औषध मोजून देतात. सुई टोचण्यापूर्वी जिभेवर साखरपाण्याचे थेंब घालतात. विनाकारण रक्त काढणे बंद करतात. आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर बाळ ठेवतात.

तान्ह्या बाळाला दुखते हे वैद्यकाने फार उशिरा मानले. १९८०च्या सुमारासही लहानग्यांची शस्त्रक्रिया पुष्कळदा पुरेशी भूल न देता होत असे. भारतात डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिले की नीट भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेचा त्रास कमी होतो. आपल्या आयांना हे न शिकताच ठाऊक होते!

आता कायद्याचे. क्नेसेटने २००५ साली मरणासन्न रुग्णाचा कायदा मंजूर केला. त्याचा पाया प्राध्यापक अव्राहाम स्टाइनबर्ग यांच्या ५९ जणांच्या समितीने घातला. तिच्यात डॉक्टर होते, रब्बी होते, वकीलही होते. या कायद्याने जीव घेण्याला साफ मनाई आहे. अखंड चालणारा उपचार, उदाहरणार्थ श्वासाचे यंत्र, एकदा सुरू केला की मध्येच तोडता येत नाही. पण रुग्णाचे हाल वाढवणारा उपचार सुरूच न करणे, किंवा थांबून थांबून दिला जाणारा उपचार पुन्हा न देणे, याला मुभा आहे. वेदना शमवणे मात्र बंधनकारक आहे. म्हणूनच डॉक्टर यंत्र लावण्याआधी आईबापांशी बोलू पाहतात. ते घाई करत नसतात. एकदा लावलेले यंत्र काढता येत नाही, म्हणून आधी विचारतात. लहान मुलाच्या वतीने आईबाप बोलतात, आणि मतभेद झाला तर रुग्णालयाची समिती असते.

हलाखाही हाच भेद जाणते. मरण जवळ ओढणे निषिद्ध. पण जाणाऱ्या जिवाची वाट अडवून ठेवणारी गोष्ट दूर करण्यास मुभा आहे, असे रब्बी मोशे इस्सेर्लिस यांनी ४०० हून अधिक वर्षांपूर्वीच लिहिले आहे.

तीस दिवस न जगलेल्या बाळासाठी शिवा बसण्याचे बंधन नाही. आईबापांवर ओझे पडू नये, असा त्यामागचा एक विचार सांगतात. पण त्याचा अर्थ दुःख नाही असा नव्हे. सुंता होण्याआधी गेलेल्या मुलाची सुंता कबरीपाशी करून त्याला नाव द्यावे, असे शुल्हान आरुखमध्ये आहे. पूर्वी बाळ कोठे पुरले हे आईबापांना पुष्कळदा सांगतही नसत. आता ते दफनाला जाऊ शकतात, कबर कोठे आहे हे विचारू शकतात.

आमच्या पाठचा भाऊ आठ दिवसांचाही झाला नाही. आई त्याच्याबद्दल कधी बोलली नाही. इथे आल्यावर, म्हातारपणी, एकदा भाकरी थापता थापता एवढेच म्हणाली, "त्याला माझ्या मांडीवर दिलाच नाही रे कोणी." पन्नास वर्षे ते तिने मनात ठेवले होते.

म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना सांगणे आहे. "दुसरं होईल" असे म्हणू नका. "कोणाचे पाप" हा शब्द तोंडातून काढू नका. जमल्यास पगियात जा, परवानगी विचारा, बाळाला हात लावा. मुलीला जेवायला घाला. डॉक्टरांचे हिब्रू कळले नाही तर ओवेदेत सोत्सियालितला पुन्हा सांगायला लावा. त्यात लाज नाही.

आजीबाईंना आम्ही एवढेच सांगितले, "सोडून दिलेलं नाही. आता तुम्ही त्याला घ्यायचं." त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. बाळ आणखी चार दिवस होते, आणि त्यातले तीन दिवस ते कोणाच्या ना कोणाच्या छातीवर होते.