मैलागाळ माळावर टाकावा का?

शहरांचे सांडपाणी शुद्ध केल्यावर गाळ उरतो. बारामती-इंदापूरच्या मुरमाड वनजमिनीवर तो पसरला तर झाडे जोमाने वाढतील, असे सहज वाटते. पहिल्या पावसाळ्यात तसे दिसेलही. पण मातीतले बदल कळायला दशके जातात.

गैरसमज : प्रक्रिया झाली, म्हणजे गाळ निर्धोक.
वस्तुस्थिती : प्रक्रियेने रोगजंतू आणि दुर्गंधी कमी होते. कॅडमियम, शिसे, जस्त मात्र कुजत नाहीत. सेंद्रिय भाग कुजून जातो, धातू मागे राहतात.

गैरसमज : गाळ टाकणे थांबवले की जमीन पूर्ववत होते.
वस्तुस्थिती : इंग्लंडमधील वोबर्नच्या प्रयोगशेतात १९४२ ते १९६१ या काळात मैलागाळ टाकला गेला. त्यानंतर वीसेक वर्षांनीही धातू वरच्या थरातच होते आणि क्लोव्हर या द्विदल चारापिकाच्या मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळेनासे झाले होते.

गैरसमज : आपली माती चुनखडीची, तिला काही होत नाही.
वस्तुस्थिती : हे निम्मेच खरे. सामू आठच्या आसपास असला की बरेचसे धातू मातीत जखडून राहतात, पिकात कमी उतरतात. क्षार आणि नायट्रेट मात्र चुन्याला जुमानत नाहीत. उथळ मुरमातून नायट्रेट विहिरीत उतरते. कमी पावसात क्षार धुऊन जात नाहीत. कालव्याच्या पाण्यानेही क्षार साचले होते: नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला आणि १९१०मध्ये कृषिशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली.

गैरसमज : माळ म्हणजे पडीक, खत मिळाले तर जंगल होईल.
वस्तुस्थिती : अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात नत्राची कमतरता असलेल्या सूचिपर्णी जंगलांत गाळाने वाढ सुधारली. बारामती तालुक्यातील सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा मात्र विरळ गवताळ माळावर जगतो. इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या गवताळ प्रयोगात १८५६पासून नत्रखत दिलेल्या वाफ्यांत गवत माजले आणि वनस्पतींच्या जाती घटल्या.

गैरसमज : मृदा आरोग्य पत्रिका चांगली आली, म्हणजे झाले.
वस्तुस्थिती : पत्रिकेतील बारा घटकांत सामू, क्षारता, जस्त, तांबे आहेत, कॅडमियम आणि शिसे नाहीत. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. गाळ स्वीकारण्याआधी त्याची आणि मातीची या धातूंसाठीची तपासणी वेगळी मागून घ्यावी, म्हणजे पुढच्या नोंदी ताडून पाहता येतील.