डेन्व्हरचे युनियन स्टेशन : एका थकलेल्या स्थानकाचा पुनर्जन्म

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी असलेल्या डेन्व्हर शहराच्या जुन्या भागात सतरावा रस्ता जिथे संपतो, तिथे युनियन स्टेशनची इमारत उभी आहे. तिच्या माथ्यावर लाल निऑन दिव्यांत ‘ट्रॅव्हल बाय ट्रेन’, म्हणजे ‘रेल्वेने प्रवास करा’, अशी अक्षरे झळकतात. ही पाटी १९५०च्या दशकाच्या आरंभी लावण्यात आली. लोकांना रेल्वेने प्रवास करा असे सांगण्याची वेळ रेल्वेवर आली होती, यातच त्या काळाची अवस्था स्पष्ट होते. विनवणीचा उपयोग झाला नाही. १९५८ मध्ये डेन्व्हरच्या विमानतळावरील प्रवासीसंख्येने या स्थानकाला मागे टाकले. एकेकाळी दिवसाला ऐंशीच्या आसपास गाड्या हाताळणाऱ्या या वास्तूत शतकाच्या अखेरीस शिकागो ते कॅलिफोर्निया धावणारी ‘कॅलिफोर्निया झेफर’ आणि हिवाळ्यात बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी जाणाऱ्या हौशी मंडळींची गाडी, एवढीच काय ती वर्दळ उरली होती.

आज याच स्थानकातून विमानतळाकडे आणि उपनगरांकडे विद्युत गाड्या सुटतात, जमिनीखालून बसगाड्या निघतात आणि जुन्या तिकीटघरात मद्यालय चालते. हा बदल कसा घडला आणि त्याचा खर्च कोणी उचलला, ही कथा इमारतीच्या सौंदर्याइतकीच लक्षणीय आहे.

तीन काळांची इमारत

पहिले स्थानक १८८१ मध्ये उभे राहिले. १८९४ मध्ये लागलेल्या आगीत त्याचा मधला भाग जळाला आणि तो नव्याने बांधण्यात आला. तोही अपुरा पडल्याने पाडून, गोव्ह आणि वॉल्श या वास्तुरचनाकारांच्या आराखड्यानुसार सध्याचे भव्य दालन १९१४ मध्ये पूर्ण झाले. दालनाच्या कमानींवर कोलंबाइन या कोलोरॅडोच्या राज्यपुष्पाची नक्षी आहे. दोन्ही बाजूंचे दगडी भाग मात्र मूळचे आहेत. स्थानकासमोर १९०६ मध्ये स्वागताची एक लोखंडी कमान उभारली होती. गावात येणाऱ्यास तिच्यावर ‘वेलकम’ दिसे, तर जाणाऱ्यास पुढे ‘मिझ्पा’ हा हिब्रू शब्द दिसू लागला. ताटातूट झालेल्यांवर ईश्वराची नजर राहो, असा त्याचा भाव. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून १९३१ मध्ये ती कमान काढून टाकण्यात आली. मोटारींसाठी रेल्वेने दिलेला हा बहुधा पहिला बळी असावा.

कर, कर्ज आणि जमीन

परिसरातील सार्वजनिक वाहतूक चालविणाऱ्या ‘रीजनल ट्रान्सपोर्टेशन डिस्ट्रिक्ट’ने (आरटीडी) २००१ मध्ये हे स्थानक व भोवतालची सुमारे साडेएकोणीस एकर जमीन विकत घेतली. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘फास्टट्रॅक्स’ नावाच्या योजनेवर मतदान झाले. त्यात नागरिकांनी स्वतःवर ०.४ टक्के जादा विक्रीकर लादून घेतला. ४७० कोटी डॉलरच्या त्या योजनेत सुमारे १२२ मैलांचे नवे लोहमार्ग होते आणि त्या जाळ्याचा केंद्रबिंदू युनियन स्टेशन होता.

स्थानकाच्या पुनर्बांधणीला सुमारे ५० कोटी डॉलर लागले. त्यापैकी ३० कोटींच्या घरातील रक्कम अमेरिकेच्या केंद्र सरकारने दोन वेगवेगळ्या योजनांतून कर्जाऊ दिली. परतफेडीची युक्ती महत्त्वाची होती. स्थानकामागे मालगाड्यांच्या जुन्या यार्डाची मोकळी जमीन पडून होती. तिथे इमारती उभ्या राहिल्या की मालमत्ता कराचे उत्पन्न वाढणार. ही वाढ शहराच्या तिजोरीत न घालता कर्जफेडीकडे वळवायची, असे ठरले. हा जुगारच होता, कारण करार झाला तेव्हा अमेरिकेतील घरबांधणी मंदीच्या तडाख्यात सापडली होती. पण निवासी संकुले आणि कार्यालये अपेक्षेपेक्षा लवकर उभी राहिली आणि २०१७ मध्ये, मुदतीच्या कितीतरी आधी, केंद्राची कर्जे चुकती झाली.

ऐतिहासिक इमारत ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी समूहाकडे देण्यात आली. २०१४ च्या जुलैमध्ये तिथे ११२ खोल्यांचे हॉटेल सुरू झाले. शहरातील जुन्या वास्तू वाचविण्यासाठी १९६०च्या दशकापासून झटणाऱ्या डेना क्रॉफर्ड यांचे नाव त्याला देण्यात आले.

फलाटांची गुंतागुंत

या केंद्रात सगळे एका छताखाली आहे, असे मात्र नाही. मूळ आराखड्यात रेल्वे जमिनीखाली नेण्याचा विचार होता. तो खर्च झेपणारा नव्हता. त्यामुळे उपनगरी गाड्या व ‘झेफर’ यांचे फलाट इमारतीला लागून राहिले, तर लाइट रेलचे स्थानक मालगाड्यांच्या मार्गाशेजारी, दोन चौक मागे गेले. दोघांमध्ये २२ दरवाजे असलेले भुयारी बसस्थानक आहे. मे २०१४ मध्ये सुरू झालेले हे सुमारे ९८० फूट लांबीचे भुयार बसस्थानकही आहे आणि दोन्ही रेल्वेंना जोडणारी वाटही. पावसापाण्यात ते सोयीचे असले, तरी जड सामान घेऊन गाडी बदलणाऱ्यास ते अंतर जाणवते.

विमानतळाकडे जाणारी २३ मैलांची ए मार्गिका २२ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. मुंबईच्या लोकलप्रमाणेच ती २५ हजार व्होल्टच्या विजेवर धावते. तिच्या फाटकांच्या स्वयंचलित यंत्रणेने मात्र चांगलाच त्रास दिला. वेळेचे गणित नियमांत बसत नसल्याने फाटकाफाटकांवर दीर्घकाळ माणसे उभी करावी लागली. त्याच कारणाने रखडलेली जी मार्गिका २०१६ ऐवजी एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली.

करोनाच्या साथीनंतर प्रवासी घटले. रिकाम्या झालेल्या भुयारी बसस्थानकात २०२१ च्या हिवाळ्यात अमली पदार्थांचे सेवन व गुन्हे वाढल्याने तिथे पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला. वर हॉटेलचे दिवाणखान्यासारखे सजलेले दालन आणि खाली निवारा शोधणारी माणसे, हे चित्र त्या काळात चर्चेचा विषय झाले होते.

बोल्डरची प्रतीक्षा

याहून जुनी तक्रार वायव्येकडील गावांची आहे. बोल्डर व लाँगमाँटपर्यंत ४१ मैलांचा रेल्वेमार्ग देण्याचे आश्वासन २००४ च्या योजनेत होते. खर्च फुगला, मालवाहतूक कंपनीच्या रुळांचा वापर महाग ठरला आणि जुलै २०१६ मध्ये सुरू झालेली बी मार्गिका जेमतेम सहा मैलांवर, वेस्टमिन्स्टरलाच थांबली. विक्रीकर मात्र तेथील रहिवासी पहिल्या दिवसापासून इतरांइतकाच भरत आहेत. २०२४ मध्ये कोलोरॅडोच्या विधिमंडळाने भाड्याच्या मोटारींवर दररोज शुल्क आकारण्याचा कायदा केला. त्यातून येणारा पैसा या मार्गासह राज्यातील प्रवासी रेल्वेसाठी वापरण्याची तरतूद आहे. तूर्त बोल्डरहून निघालेला प्रवासी युनियन स्टेशनला पोहोचतो तो बसने, आणि उतरतो त्या भुयारी दरवाजापाशी.