विश्लेषण : नवे ऑर्किड घरी आणल्यावर पहिला महिना वेगळे का ठेवायचे?

ठाण्याहून बाळकुम नाका आणि कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर लागते. गोदामांच्या रांगा, दिवसरात्र चालणारे ट्रक आणि त्यांच्यामधून वर आलेले रहिवासी टॉवर असे हे गाव. या टॉवरच्या बाल्कन्यांत तुळस, मनी प्लांट, जास्वंद यांच्या जोडीला ऑर्किडही दिसू लागले आहे. एक कुंडी जगली आणि फुलली की दुसरी आणावीशी वाटते. बघता बघता दहा-बारा होतात. मोठे नुकसान होते ते याच टप्प्यावर, कारण नवी कुंडी दुकानातून थेट जुन्यांच्या शेजारी टांगली जाते. तिच्याबरोबर काय आले, हे कळेपर्यंत तीन-चार वर्षे जपलेली झाडे हातची जाऊ शकतात.

काल्हेरच्या हवेत कोणते ऑर्किड फुलते?

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये केलेल्या नोंदीनुसार भारतात ऑर्किडच्या 1,256 जाती आहेत आणि त्यातल्या 388 भारताबाहेर कुठेच सापडत नाहीत. बाजारात मिळतात ती मात्र बहुतेक संकरित झाडे. ती खरेदी करताना फुलाचा रंग बघण्याआधी झाडाला थंडी किती लागते, हे विचारायला हवे.

काल्हेर खाडीकाठी आहे. हवा दमट, हिवाळा नावापुरता. अशा हवेत डेंड्रोबियमचे थायलंडकडचे संकर, व्हँडा, मोकारा आणि ऑन्सिडियम आनंदाने राहतात. नवख्याने डेंड्रोबियमपासून सुरुवात करावी. ते एखाद्या चुकीने मरत नाही आणि उन्हाळ्यातही फुलते. मोठ्या, पतंगासारख्या फुलांचे फलेनॉप्सिस सर्वात जास्त विकले जाते. त्याला नवा फुलदांडा काढण्यासाठी काही आठवडे थोडा गारवा लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री पारा उतरतो, तेवढा त्याला बहुधा पुरतो. म्हणूनच या दिवसांत ते दिवाणखान्यातल्या टीव्हीशेजारी न ठेवता खिडकीत ठेवावे.

सिंबिडियमची गोष्ट वेगळी. सिक्कीम, दार्जिलिंगकडून आलेली त्याची भरघोस फुललेली कुंडी बघून मोह होतोच. पण त्याला कळी धरण्यासाठी 10 ते 15 अंशांच्या थंड रात्री आठवडेच्या आठवडे लागतात. काल्हेरमध्ये त्या मिळणार नाहीत. झाड मरणार नाही, हिरवेगार राहील, फक्त फुलणार नाही. पहिल्या बहरासाठी पैसे मोजायचे असतील तर जरूर घ्यावे, पण मग ते फुलांचा गुच्छ म्हणून घ्यावे.

एकाच झाडाचा धोका साऱ्यांना कसा?

रोपवाटिकेत हजारो झाडे एकमेकांना खेटून वाढतात. तिथून येणाऱ्या कुंडीत पिठ्या ढेकूण, खवले कीड, फुलकिडे किंवा लाल कोळी असण्याची शक्यता नेहमीच असते. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात, कांडीवरच्या वाळक्या सालीखाली, प्रसंगी कुंडीतल्या मुळांवरही बसतो. दुकानात झाड स्वच्छ दिसते कारण तेव्हा तिथे फक्त अंडी असतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत त्याची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. एक महिना वेगळे ठेवण्याच्या सल्ल्यामागे हे गणित आहे. लपलेले जे काही आहे ते तेवढ्या काळात डोळ्यांना दिसेल इतके वाढते. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्या मारत बसू नये. त्या पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी येतात, तेव्हा शोध त्याचा घ्यावा.

कीड परवडली, कारण तिच्यावर उपाय आहे. विषाणूवर नाही. ऑर्किडमध्ये दोन विषाणू जगभर आढळतात, सिंबिडियम मोझेक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट. पानावर खोलगट काळपट रेघा, फुलाच्या रंगात ओरखडे ही त्यांची लक्षणे. पण कित्येक झाडे काहीही न दाखवता विषाणू बाळगून असतात. हे विषाणू मुख्यतः पसरतात ते आपल्याच हातांनी. एका झाडाचा वाळका दांडा ज्या कात्रीने कापला, तीच कात्री न धुता दुसऱ्याला लावली की झाले. व्हँडाच्या मुळांना पाणी देताना सगळी झाडे एकाच बादलीत बुडवण्याची सवय अनेकांना असते. तीही सोडायला हवी, कारण त्या पाण्यातून बुरशीसुद्धा एका मुळावरून दुसऱ्यावर जाते. कात्रीचे पाते प्रत्येक झाडानंतर गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवावे, किंवा सरळ प्रत्येक झाडाला दाढीचे नवे पाते वापरून टाकून द्यावे.

ऊतिसंवर्धनाचा आणि विषाणूंचा संबंधही इथलाच. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नसाठा नसल्याने निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. अमेरिकेत लुईस नडसन यांनी 1922 मध्ये साखर घातलेल्या माध्यमावर ते बुरशीविना रुजवून दाखवले. पुढे 1960 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज मोरेल यांनी विषाणूग्रस्त सिंबिडियमच्या कोंबाच्या टोकाचा सूक्ष्म तुकडा प्रयोगशाळेत वाढवून निरोगी रोपे मिळवली. एकेकाळी श्रीमंतांचा छंद असलेले ऑर्किड आज काल्हेरच्या फ्लॅटमध्ये पोहोचले, त्याच्या मुळाशी हे तंत्र आहे. पण प्रयोगशाळेतून निरोगी निघालेले रोप पुढे रोपवाटिकेत आणि दुकानात कोणत्या कात्रीखाली गेले, ते लेबलावर लिहिलेले नसते.

वेगळे ठेवायचे म्हणजे नेमके काय?

बाल्कनीतल्या झाडांपासून दूर, दुसऱ्या खोलीची उजेडाची खिडकी सर्वात बरी. वन रूम किचनमध्ये ते जमत नसेल तर स्वयंपाकघराची खिडकी चालेल. एवढेच बघायचे की वारा नव्या झाडावरून जुन्यांकडे जाणारा नको आणि पाण्याचा मग, फवारणीची बाटली, पुसायचे फडके वेगळे हवे. रोजचे काम आधी जुन्या झाडांचे उरकावे, नव्याचे शेवटी. उलट क्रम झाला तर महिनाभराचा खटाटोप वाया.

आणल्या दिवशी झाड उजेडात धरून पानांची मागची बाजू, बेचके, कांड्यांची साल आणि कुंडीचा तळ पाहावा. फुले नाजूक असतील तर दांडा सांभाळत कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी. लपलेल्या मुंग्या, झुरळाची पिल्ले, नखाएवढ्या गोगलगाई वर येतात. या गोगलगाई दिवसा दिसत नाहीत, पण मुळांची कोवळी हिरवी टोके रात्रीत खातात. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर कान साफ करायची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपावे. नंतर 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारावे. आठवड्याच्या अंतराने अशा तीन फवारण्या हव्यात, एकीने अंडी मरत नाहीत. उन्हात फवारले तर पाने भाजतात.

या महिन्यात खत देऊ नये. नव्या जागेत झाड आधी मुळे सावरते. कळ्या पिवळ्या पडून गळाल्या तरी घाबरायचे कारण नाही. एसीच्या दुकानातून खाडीच्या दमट हवेत आलेल्या झाडाला एवढा धक्का बसतोच.

कुंडी लगेच बदलावी का?

फुलावर असेल तर नाही. बहर संपला आणि मुळांना नवी टोके फुटू लागली की बदलावी. अपवाद सडलेल्या मुळांचा. बोटाने दाबून पाहिले आणि मूळ लिबलिबीत, पोकळ लागले तर फुलांचा मोह सोडून तेव्हाच कुंडी उघडावी. फलेनॉप्सिसच्या मुळांच्या मधोमध बऱ्याचदा शेवाळाचा घट्ट गोळा असतो. रोप लहान असतानाचा तो गोळा तसाच राहून गेलेला असतो. वरचे माध्यम कोरडे झाले तरी हा आतून ओला राहतो आणि आपल्या पावसाळ्यात मुळे कुजवतो. तो हलक्या हाताने काढावा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतात, तीही बेताने. चांगल्या मुळांवर पडली तर ती सुकतात.

कुंडीत माती नको. बहुतेक बागेतली ऑर्किडे मुळात झाडांच्या खोडांवर वाढणारी. बांडगूळ म्हणून त्यांना उगाच नावे ठेवतात. ती झाडाचा फक्त आधार घेतात, त्याचा रस शोषत नाहीत. त्यांच्या मुळांना ओल जितकी हवी तितकीच हवाही. लाकडी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे यांचे मिश्रण कोकणच्या पावसाला पुरून उरते. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावे, त्यातला खार निघून जातो. नुसते कोकोपीट मात्र टाळावे.

पाणी कोणते?

ज्या सोसायट्यांत बोअरवेल किंवा टँकरचे पाणी येते, तिथे मुळांवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. तो क्षारांचा. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची सवय चांगली, पण ऑर्किडला ते चालत नाही. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. घरात टीडीएस मीटर असेल तर 200 च्या आतले पाणी उत्तम समजावे. पावसाचे साठवलेले पाणी त्याहून बरे, फक्त पिंप झाकलेले हवे. कुंडीखालच्या ताटलीतले पाणीही रोज ओतून टाकावे, डेंग्यूच्या डासाला तेवढे पुरते. ट्रकच्या धुळीने पाने राखाडी होतात, ती ओल्या कापसाने पुसावीत आणि प्रत्येक झाडाला कापूस नवा घ्यावा.

झाडे वाढली की ती दिसायला कशी शोभतात यापेक्षा तहानेनुसार मांडावीत. उघड्या मुळांचे व्हँडा रोज पाणी मागते, कुंडीतले फलेनॉप्सिस चार-पाच दिवसांनी. दोन्ही एकाच रांगेत असली तर एक सुकते किंवा दुसरे कुजते. व्हँडा ग्रिलच्या बाहेर टांगले तर पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून काय होते, ते सांगायला नको.

जंगलातले किंवा परदेशातले आणले तर?

पावसाळ्याच्या तोंडावर घाटातल्या झाडांवर सीतेची वेणी फुलते. गुलाबी ठिपक्यांचे तिचे लोंबते घोस फार देखणे. आसाम आणि अरुणाचल प्रदेशाचे ते राज्यफूल आहे. ते खोडावरून ओरबाडून आणण्याचा किंवा रस्त्याकडेला विकत घेण्याचा विचार करू नये. तुंगारेश्वर अभयारण्य किंवा येऊरच्या बाजूचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांतून परवानगीशिवाय वनस्पती काढणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ओढून काढताना मुळे तुटतात आणि झाड सहसा घरी टिकत नाही. हीच जात रोपवाटिकांत वाढवलेली मिळते, ती घ्यावी.

बँकॉकच्या सहलीवरून बॅगेत रोप टाकून आणणेही असेच अंगाशी येते. ऑर्किडचे सगळे कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. रोप आणायचे तर त्या कराराखालचा परवाना, रोगमुक्ततेचा दाखला आणि भारतातला आयात परवाना लागतो.

ऑनलाइन कधी मागवावे?

एप्रिल-मेमध्ये नको. बंद खोके तापलेल्या टेम्पोत आणि पत्र्याच्या गोदामात दोन-तीन दिवस राहिले तर आतले झाड वाफवल्यासारखे होते. ते कसे तापते, हे गोदामांच्या गावात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. भर पावसात आलेल्या पार्सलला बुरशी लवकर धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात सोयीचा. खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा, तक्रार करायची वेळ आली तर कामी येतो. झाडाबरोबर आलेली नावाची पट्टी फेकू नये. जगभरात एक लाखाहून अधिक ऑर्किड संकरांची नोंद झालेली आहे आणि फुले गळाल्यावर दोन डेंड्रोबियम सारखीच दिसतात. पट्टीच्या मागे आणल्याची तारीख लिहिली की महिना कधी पुरा होतो तेही कळते.