उभं राहून बिघडणारं यंत्र

सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी. वैनगंगा ओलांडली की आरमोरी, वडसा, कुरखेडा. पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात कुठल्याही गावी घरामागच्या मांडवात डोकावा, तणसाच्या ढिगाशेजारी एखादा पॉवर टिलर उभा दिसण्याची बरीच शक्यता आहे. हँडलवर रिकामी पोती वाळत टाकलेली, सीटवर कोंबड्या, रोटरच्या पात्यांना मागच्या हंगामातला चिखल दगडासारखा चिकटलेला. इंजिन जाम झालेलं असतं. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेलेला असतो आणि मालकाचं मन होत नसल्याने सौदा अडलेला असतो.

मालकाचं मन बरोबर सांगतं, असं माझं मत आहे. असा टिलर सहसा झिजून मेलेला नसतो. पावसावरच्या धानात त्याचं खरं काम चिखलणीपुरतं, म्हणजे जुलै-ऑगस्टचे काही आठवडे. पुढे थोडी मळणी, थोडी ट्रॉली. बाकी वर्षभर तो उभा असतो, आणि बिघडतो तो तेव्हाच.

मुळात हे यंत्र इथे टिकलं ते बांधीमुळे. या झाडीपट्टीत शेत म्हणजे धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, पाडलेल्या लहानलहान बांध्या. वर मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा बोडी, म्हणजे लहान तळं, आणि पाणी एका बांधीतून दुसरीत उतरत जाणारं. मोठा ट्रॅक्टर अशा बांधीत वळवताना धुरा फोडतो, ओल्या जमिनीत रुतला तर त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. हल्यांची (रेड्यांची) जोडी कोपऱ्यापर्यंत जाते, पण ती वर्षभर पोसावी लागते. तेरा अश्वशक्तीचा, चारशे किलोंच्या आसपासचा टिलर या दोहोंच्या मधला. रबरी टायर काढून लोखंडी केज व्हील चढवली की चिखलात धरतो, आणि धुऱ्यावरून फळी टाकून पलीकडच्या बांधीत नेता येतो.

जमीन नांगराने उलथण्याऐवजी फिरत्या पात्यांनी भुसभुशीत करायची ही कल्पना मात्र धानाच्या देशातली नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्राजवळ आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली वडिलांच्या शेतावर वाफेच्या ट्रॅक्टर-इंजिनाला पाती जोडून पाहिली. त्याच्या सुरुवातीच्या पात्यांनी माती बाजूला फेकली जाई. मग त्याने इंग्रजी एल अक्षरासारखी वाकलेली पाती केली आणि काम जमलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने फिरत्या पात्यांचं हे तंत्र हाताने चालवायच्या छोट्या यंत्रांतून मोठ्या प्रमाणावर भातखाचरात उतरवलं. तिथून ते आपल्याकडे आलं: बंगळुरूची व्हीएसटी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या साथीने, केरळची सरकारी कॅमको १९७३ मध्ये कुबोटाचं तंत्र घेऊन. मांडवात पडलेला जुना टिलर बहुधा या दोन घराण्यांपैकी एकातला असतो. नंतर चिनी यंत्रं इतकी आली की जुलै २०२० मध्ये केंद्राने पॉवर टिलरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित केली. मांडवात ती यंत्रंही आहेत. त्यांचे सुटे भाग मिळवणं हे वेगळं पुराण.

आता जिवंत करण्याकडे. हाती पैसे थोडे असतील तर पहिला नियम असा की हँडल मारून किंवा ट्रॅक्टरने ओढून जाम इंजिन फिरवायचं नाही. गंजाने धरलेल्या रिंगा तुटतात, तुकडे लायनर खरवडतात, आणि डबाभर डिझेलमध्ये सुटणारं काम पिस्टन-लायनरच्या संचावर जातं. नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल ओतायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतं ते हे, की टिलरचा सिलिंडर आडवा असतो. ओतलेलं तेल खालच्या बाजूला साचतं आणि वरच्या अर्ध्या रिंगा कोरड्याच राहतात. म्हणून हेडची बाजू वर येईल असं यंत्र ठोकळ्यांवर कलतं करायचं, तेल पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे बसू द्यायचं, आणि रोज फ्लायव्हील हाताने जरासं मागे-पुढे हलवून पाहायचं. डिकॉम्प्रेशनची खिट्टी उचलून ठेवायची. घाई केली की खर्च वाढतो. इथे वाट पाहणं फुकट आहे. हँडल मारायची वेळ येईल तेव्हा अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो.

फिरलं की पुढचं दुखणं पाण्याचं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या हॉपरमध्ये बोडीचं गढूळ पाणी ओतलेलं असतं, ते वर्षभर आत राहतं. वॉटर जॅकेटमध्ये गाळ आणि क्षाराचा थर बसतो, आणि इंजिन तापतं म्हणून पुढचा मालक हेड गॅस्केट बदलत बसतो. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून भरून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जोराच्या पाण्याने धुवायचा. अर्ध्या भरलेल्या टाकीत वाफेचं पाणी होतं, ते डिझेलखाली बसतं आणि पंपाच्या प्लंजरला गंज लावतं. टाकी उतरवून धुवावी, फिल्टर नवा घालावा, लायनीतली हवा काढावी. नोझलने धुकं मारलं पाहिजे, थेंब टाकता कामा नयेत. बाहेर काढून फवारा बघताना हात पुढे धरू नये, तो दाब कातडीत शिरतो. पंप आणि नोझल हे घरी उघडायचं काम नाही. ते टेस्टिंगवाल्याकडे पाठवावं.

पण खरा पैसा जिथे घालायचा ती जागा इंजिनात नाही. ती खाली, यंत्र चिखलात बुडतं तिथे आहे.

रोटरचा शाफ्ट आणि चाकांचा अ‍ॅक्सल बाहेर येतात तिथे रबराच्या ऑइल सीली असतात. किंमत काही शे रुपये. सीलीच्या ओठावर चिखल वाळला, वर्षभराने तोच चिखल धार होऊन रबर कापतो आणि शाफ्टवर बारीक चरा पाडतो. मग नवी सील घातली तरी त्या चऱ्यातून पाणी आत जातंच. चांगला मिस्त्री सील काढल्यावर आधी शाफ्टवरून नख फिरवतो. नख अडलं तर तो सील थोडी पुढे किंवा मागे बसवतो, म्हणजे ओठ शाफ्टच्या कोऱ्या भागावर टेकतो. अगदीच वाईट असेल तर शाफ्टला लेथवर स्लीव्ह चढवावी लागते. चंद्रपूर, बल्लारपूरच्या बाजूला हे काम होतं. गिअर बॉक्सचा आणि चेन केसचा बोल्ट काढल्यावर तेल दुधी पडलं, तर पाणी आत गेलेलं आहे, आणि इंजिनावर कितीही खर्च केला तरी हे यंत्र चिखलणीत टिकणार नाही. मी कुणाला एकच सल्ला द्यायचा झाला तर हाच देईन: आधी खालचं तेल बघा, मग वरचा आवाज ऐका.

उरलेलं लवकर सांगतो. व्ही-बेल्ट एकटा बदलू नये; नव्या-जुन्यांची लांबी जुळत नाही आणि सगळा भार एकावर येतो, म्हणून पूर्ण संच घ्यावा. रोटरची पाती डावी-उजवी असतात, ती उलटसुलट लावली की टिलर हादरतो. केज व्हील गावच्या वेल्डिंगवाल्याकडून होतं. एअर क्लीनरमधलं काळं झालेलं ऑइल फेकून नवं घालावं.

भामरागड, एटापल्लीकडे मात्र सामानाचं गणित वेगळं आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. तोवर सीली, बेल्ट आणि फिल्टर घरात नसले तर ऐन रोवणीत यंत्र तसंच पडून राहतं. नवा टिलर अनुदानातून मिळू शकतो, ४० ते ५० टक्क्यांपर्यंत, पण उरलेली रक्कम आणि कागदपत्रं जुळेपर्यंत पऱ्हे (धानाची रोपं) वाढून जातात. जुन्याला उभं करण्यामागे ही घाई असते, जुन्याचं प्रेम नव्हे.

अमेरिकेत बागेच्या छोट्या ट्रॅक्टरांवर असंच काम करणारे हौशी लोक आहेत. तिथल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १९६१चा, जॉन डिअरचा ११० हा १९६३चा. ते लोक जुना रंग खरवडून मूळ छटा जुळवतात. चांगलीच गोष्ट आहे. आपल्याकडे रंगाचा डबा आलाच तर पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला असतो. तसं यंत्राचं वेड इथेही आहेच: नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या धानाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव पडलं. तीच कंपनी पिंजोरला ट्रॅक्टरही बनवत होती. तिची घड्याळांची कंपनी आणि ट्रॅक्टरचा कारखाना दोन्ही बंद पडले, धान मात्र चालू आहे.

दुरुस्त टिलर पहिल्यांदा चालवणाऱ्याने एक गोष्ट सपाट जागी शिकून घ्यावी. वळायला त्या बाजूच्या स्टिअरिंग क्लचची मूठ दाबायची असते. पण उतारावर यंत्र स्वतःच्या वजनाने पुढे ढकलत असतं आणि इंजिन ब्रेकचं काम करत असतं. मूठ दाबलेलं चाक मोकळं होऊन पुढे पळतं आणि टिलर उलट्या बाजूला वळतो. तलावाच्या पाळीवरून उतरताना हे कळलं तर उशीर झालेला असतो.

पहिली चाचणी कोरड्या अंगणात घेऊन उपयोग नाही. पाणी भरलेल्या बांधीत तासाभर फिरवून पुन्हा खालचं तेल बघावं. रोवणी आटोपली की पाती आणि शाफ्ट चिखल ओला असतानाच धुवावेत, हॉपरचं पाणी सोडावं, टाकी काठोकाठ भरावी, बेल्ट सैल करावेत, नोझलच्या जागेतून चमचाभर ऑइल टाकून फ्लायव्हील दोन फेरे फिरवावं आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा.