पिशवीवरचे दोन आकडे

ऊर्जानगरच्या दुकानातून आणलेली दुधाची पिशवी टाकून देण्यापूर्वी जरा वाचून पाहा. तिच्यावर ‘टोन्ड’ असे छापले असेल, तर कायद्याप्रमाणे त्या दुधात निदान ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असलेच पाहिजेत.

दोन आकडे कशाला? एकाने भागत नाही म्हणून. दुधाची घनता सुमारे १.०३ असते. पाणी घातले की ती उतरते व दुग्धमापक अधिक बुडतो. पण स्निग्धांश पाण्याहूनही हलका. साय काढली की घनता वाढते. मग बेताने पाणी घालावे, की मापक पुन्हा जागेवर! बिचाऱ्याला दोन्ही चोऱ्या कळत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने, सल्फ्युरिक आम्लात प्रथिने विरघळवून व नळी वेगाने फिरवून, स्निग्धांश वेगळा मोजतात.

१९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याऐवजी २०११ पासून २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग मोहोरबंद करतो. निकालाबद्दल वाद झाल्यास राखून ठेवलेला भाग पुन्हा तपासता येतो. पण चंद्रपूरच्या उन्हात दूध नासायला कितीसा वेळ! त्यासाठी तो नमुन्यात फॉर्मॅलिनचे थेंब टाकतो. विक्रीच्या दुधात तेच थेंब टाकणे मात्र गुन्हा होय.