गाडी आली, पण मागे कोण बसणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रात्रीचे दहा वाजलेले असतात. मेहकर किंवा लोणारच्या एखाद्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "पेशंटला मोठ्या ठिकाणी हलवावं लागेल." मोठे ठिकाण म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर अकोला, छत्रपती संभाजीनगर, फार झाले तर नागपूर. २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले खरे, पण गंभीर रुग्णाला जिल्ह्याबाहेर न्यायची वेळ अजूनही येतेच. अशा वेळी घरातले वडीलधारे दाराशी उभ्या पोराला म्हणतात, "कोन्तीबी गाडी सांग, पन लवकर सांग." या वाक्यातल्या 'कोन्तीबी' या शब्दाबद्दलच मला आज बोलायचे आहे.

सर्वांत आधी १०८. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांपैकी २३३ गाड्या अत्यवस्थ रुग्णांसाठीच्या पूर्ण सामग्रीच्या आणि ७०४ प्राथमिक सामग्रीच्या होत्या. पैसे पडत नाहीत आणि गाडीबरोबर डॉक्टर असतो. अपघात असो, छातीत कळ असो की सर्पदंश, पहिला फोन इथेच करावा. गरोदर स्त्री, बाळंतीण आणि वर्षाच्या आतले आजारी बाळ यांच्यासाठी १०२ ची मोफत गाडी आहे. या दोन्ही सोयी असूनही खासगी गाडी करावी लागतेच. कधी १०८ ची गाडी दुसऱ्या कामावर गेलेली असते, कधी खासगी दवाखान्यातून खासगी दवाखान्यात जायचे असते. खरी फसगत होते ती इथे.

रुग्णवाहिका म्हणजे एकच वस्तू नव्हे. २०१८ पासून नव्या रुग्णवाहिकांना 'एआयएस-१२५' हे राष्ट्रीय मानक लागू आहे. त्यात चार प्रकार सांगितले आहेत. 'ए' म्हणजे प्रथमोपचाराचे वाहन, ते रुग्णाला नेत नाही. 'बी' म्हणजे नुसती ने-आण करणारी गाडी. प्लास्टर घातलेल्या आजोबांना घरी आणायला ती उत्तम. हृदयविकाराचा झटका आलेल्याला तिच्यात घालणे म्हणजे जीपमध्ये घालण्यासारखेच. 'सी' मध्ये प्राणवायू आणि प्राथमिक उपचारांची सामग्री असते. 'डी' मध्ये व्हेंटिलेटर, हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, मॉनिटर असे सगळे हवे. काचेवर 'कार्डिॲक ॲम्ब्युलन्स' असे लाल अक्षरांत लिहिलेले असते त्यावर जाऊ नका. रंगाऱ्याला सांगितले की तो काहीही लिहून देतो. पाठवणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "यांना 'सी' लागेल की 'डी'?"

आता प्राणवायूचे बघू. इथे जरा थांबतो, कारण हा हिशेब कोणी करत नाही आणि तो चौथीतल्या मुलालाही येण्यासारखा आहे. लहान सिलिंडरला 'बी टाइप' म्हणतात. ते पूर्ण भरलेले असेल तर त्यात साधारण दीड हजार लिटर प्राणवायू असतो. रुग्णाला मिनिटाला पाच लिटर लागत असेल तर तो पाच तास पुरेल. दहा लिटर लागत असेल तर अडीच तास. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे रात्रीच्या रस्त्याने तीन तास तर धरायलाच हवेत. अडीच तासांचा प्राणवायू घेऊन तीन तासांच्या वाटेला लागलेली गाडी कुठे अडकणार, हे मी सांगायला नको. मोठ्या 'डी टाइप' सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर मावतात. (हा 'डी' सिलिंडरचा, गाडीच्या प्रकाराचा नव्हे.) सिलिंडरवरचा काटा दीडशेजवळ असेल तर ते भरलेले, पंचाहत्तरवर असेल तर अर्धे. स्ट्रेचर आत सरकवण्याआधी तो काटा स्वतः पाहा. चालकाला राग आला तर येऊ द्या.

मग माणसे. पुष्कळ वेळा खासगी गाडीतून चालक एकटाच येतो आणि मागे रुग्णाजवळ बसतो तो घाबरलेला मुलगा. व्हेंटिलेटर नुसता असून भागत नाही, तो चालवणारा लागतो. तो नसेल तर रस्ताभर अंबू बॅग दाबायची वेळ नातेवाइकांवर येते. म्हणून फोनवरच विचारावे : बरोबर डॉक्टर येणार की परिचारिका, की आपत्कालीन सेवेचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ? नाव काय? नोंदणी कुठल्या परिषदेची? परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. खरा माणूस हे सांगताना अडखळत नाही.

कागदपत्रांचे फार अवघड नाही. गाडीचा क्रमांक मागून घ्या आणि 'एम-परिवहन' या सरकारी ॲपवर टाका. वाहनाची नोंद रुग्णवाहिका म्हणून आहे का, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा चालू आहेत का, हे मिनिटभरात दिसते. साधी खासगी व्हॅन म्हणून नोंदलेल्या गाडीवर दिवा बसवला असेल आणि वाटेत अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

भाड्याचे दर परिवहन प्राधिकरण ठरवते. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना वाजवी दर ठरवून देण्यास सांगितले होते. भांडण बहुधा किलोमीटरच्या दरावरून होत नाही. परतीचे रिकामे अंतर, थांबण्याचे तास आणि प्राणवायूचा वेगळा आकार यांवरून होते. तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वी बोलून घ्याव्यात.

राहिला आरोग्य विमा. 'आमची गाडी विमा कंपनीने मान्य केलेली आहे' असे कोणी सांगितले म्हणून निर्धास्त होऊ नका. आपली पॉलिसी काढून पाहा. २०२० साली आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत रुग्णवाहिकेसाठी प्रत्येक भरतीमागे दोन हजार रुपयांपर्यंत खर्च मिळतो. तोही भरतीचा मूळ दावा मंजूर झाला तर. कागदाच्या चिठोऱ्यावरचा आकडा चालत नाही. सेवेचे नाव, गाडीचा क्रमांक, तारीख, कुठून कुठे नेले आणि रुग्णाचे नाव असलेली छापील पावती लागते. ती मोठ्या दवाखान्याच्या दारातच, पैसे देताना मागून घ्यावी. दहा दिवसांनी फोन केला तर चालक दुसऱ्याच गाडीवर गेलेला असतो.