वसई, विरार आणि पाच अक्षरांचा हिशोब

वसई आणि विरार ही नावे देवनागरीत लिहिली तर ती तीन-तीन अक्षरांची होतात. स्टेशनच्या पाटीवर रोमन लिपीत मात्र ती बरोबर पाच-पाच अक्षरांची आहेत. वसई म्हणजे व्ही-ए-एस-ए-आय आणि विरार म्हणजे व्ही-आय-आर-ए-आर. यावरून एक कोडे घालतो. विरारमधली व्ही, आय, आर आणि ए ही चारही अक्षरे ज्यात आली आहेत, असे पाच अक्षरी इंग्रजी शब्द तुम्हाला किती सांगता येतील? अक्षरांचा क्रम कोणताही चालेल. कागद-पेन्सिल घ्या, पाच मिनिटे डोके चालवा आणि मगच पुढे वाचा.

किती शब्द सापडले? एखाद-दुसरा सापडला असेल तरी हरकत नाही. आठवणीवर भिस्त ठेवली की असेच होते. आपण हिशोबाने जाऊ.

इंग्रजी मुळाक्षरे २६. पाच जागांपैकी प्रत्येक जागी २६ पैकी कोणतेही अक्षर बसवता येते. म्हणून एकूण जुळण्या २६ × २६ × २६ × २६ × २६, म्हणजे १,१८,८१,३७६ होतात. एका सेकंदाला एक जुळणी या वेगाने दिवसरात्र तपासत बसलात, तर सुमारे साडेचार महिने लागतील! पण चार अक्षरे ठरलेली आहेत, ठरायचे आहे ते फक्त पाचवे. ते उरलेल्या २२ अक्षरांपैकी असेल, तर पाच वेगवेगळी अक्षरे १२० प्रकारांनी मांडता येतात; २२ × १२० = २,६४०. पाचवे अक्षर त्या चारांपैकीच एक असेल (विरारमध्ये आर दोनदा आला आहे ना, तसे), तर सारख्या अक्षरांची अदलाबदल करून नवे काही मिळत नाही, म्हणून मांडण्या निम्म्या, ६०; आणि ४ × ६० = २४०. दोन्ही मिळून २,८८०. साडेचार महिन्यांचे काम ४८ मिनिटांवर आले.

या २,८८० जुळण्यांत शब्दकोशात सापडणारे शब्द किती? अगदी मोजके. व्हायरल (व्ही-आय-आर-ए-एल), म्हणजे विषाणूंसंबंधीचा. त्यातील व्ही आणि आर यांची अदलाबदल केली की रायव्हल, म्हणजे प्रतिस्पर्धी. व्हिकर (व्ही-आय-सी-ए-आर), म्हणजे चर्चचा धर्मगुरू. वसईच्या वाचकांना हा शब्द शिकवायला नको. व्हर्गा (व्ही-आय-आर-जी-ए) हा हवामानशास्त्रातला शब्द आहे: ढगातून निघालेली पण जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच हवेत विरून जाणारी पावसाची झालर. आणि व्हॅरिक्स (व्ही-ए-आर-आय-एक्स), म्हणजे फुगलेली शीर. मोठा कोश उघडलात तर आणखी दोन-चार मिळतील.

वसईची व्ही, ए, एस, आय ही अक्षरे घेतली तर व्हिस्टा, व्हायल्स, दिवाज, व्हिसाज असे शब्द निघतात. त्यांपैकी तीन नुसती अनेकवचने आहेत; शेवटी एस लावण्याची सोय इंग्रजीत असल्यामुळे असे शब्द फुकटात वाढतात. वसईच्या पाचही अक्षरांची फेरमांडणी करून बनणारा शब्द मात्र आपल्याकडचाच आहे. इंग्रजी ग्रंथांत ‘शैव’ हा शब्द एस-ए-आय-व्ही-ए असाही लिहितात. जुळवून पाहा!

या सर्व शब्दांत व्ही पहिल्या किंवा मधल्या जागी आहे, शेवटी कोठेही नाही, हे लक्षात आले का? इंग्रजीत व्हीने संपणारे शब्द फारच थोडे. पूर्वी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपे होती. शेवटी आलेले हे अक्षर ‘व’ वाचायचे, ‘उ’ नव्हे, हे कळावे म्हणून पुढे ई लिहिण्याची पद्धत पडली. हॅव, गिव्ह, लव्ह यांच्या शेवटचा मुका ई तेथून आला. तुमच्या वर्गातील राघव आणि केशव मात्र आपले नाव खुशाल व्हीने संपवतात, कारण त्यांच्या नावाचे स्पेलिंग इंग्रजीच्या जुन्या वहिवाटीने बनलेलेच नाही.

व्ही हे तसे दुर्मीळ अक्षर. इंग्रजी मजकुरातील शंभर अक्षरांत ई साधारण बारा वेळा येतो, तर व्ही जेमतेम एकदा. अल्फ्रेड बट्स यांनी स्क्रॅबल या खेळाच्या सोंगट्या ठरवताना वर्तमानपत्रातील अक्षरे मोजली होती. त्या संचातील १०० सोंगट्यांत ई बारा आहेत आणि व्ही फक्त दोन.

मग लपलेला शब्द ओळखायचा असेल तर आधी व्ही विचारावा की ई? जोश वॉर्डल यांनी २०२१ साली सर्वांसाठी खुला केलेला ‘वर्डल’ हा खेळ मोबाइलवर खेळणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा आहे. समजा, पिशवीत १०० शब्द आहेत. ५० शब्दांत ई आहे आणि ६ शब्दांत व्ही. “व्ही आहे का?” याचे उत्तर ‘हो’ आले तर चैनच, सहाच शब्द उरले. पण तसे शंभरात सहा वेळाच घडणार. ९४ वेळा ‘नाही’ ऐकावे लागेल आणि ९४ शब्द शिल्लक राहतील. सरासरी काढा: (९४ × ९४ + ६ × ६) ÷ १०० म्हणजे जवळजवळ ८९ शब्द उरतात. ई विचारला तर उत्तर काहीही येवो, ५० उरतात. दुर्मीळ अक्षराची खूण मिळाली तर फार मोलाची, पण तिच्या मागे लागणे तोट्याचे!

आता मघाच्या १,१८,८१,३७६ या संख्येकडे वळू. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची एक यादी केली आणि ती १९९३ साली पुस्तकातून प्रसिद्ध केली. तिच्यात ५,७५७ शब्द आहेत. म्हणजे साधारण दोन हजार जुळण्यांमागे एक शब्द. बाकी सारे निरर्थक. ही केवढी उधळपट्टी, असे तुम्ही म्हणाल. पण या रिकाम्या जागेमुळेच छापखान्यातल्या चुका आपल्याला दिसतात. प्रत्येक जुळणी हा अर्थपूर्ण शब्द असता, तर एक अक्षर चुकताच दुसराच शब्द उभा राहिला असता आणि चूक झाल्याचा पत्ताही लागला नसता.

मात्र ही राखण सगळीकडे सारखी नाही. केवळ एका जागेवर फरक असलेल्या दोन शब्दांना शेजारी म्हणू. क्नूथ यांच्या यादीत शेजाऱ्यांच्या १४,१३५ जोड्या आहेत, म्हणजे एका शब्दाला सरासरी पाच शेजारी. शब्द सगळीकडे सारखे विखुरले असते, तर सोळा-सतरा शब्दांमागे एखाद्यालाच शेजारी मिळाला असता. पण स्वर आणि व्यंजने ठरावीक साच्यांत बसत असल्याने शब्द दाटीवाटीने वस्ती करतात. ६७१ शब्द मात्र एकलकोंडे आहेत. ‘अलिप्त’ या अर्थाचा ए-एल-ओ-ओ-एफ हा शब्दही त्यांतलाच, म्हणून क्नूथ यांनी त्या सर्वांना तेच नाव दिले. विरारला व्हायरल आणि व्हिकर असे दोन शेजारी आहेत. तेव्हा मोबाइलच्या कोशात विरार हे नाव नसेल, तर स्पेलिंग सुधारण्याच्या भरात तो विरारचे व्हायरल करून टाकील. शालेय शब्दसंग्रहात वसईला मात्र शेजारी नाही.

जेथे रिकामी जागा कमी, तेथे धोका कसा वाढतो हे पश्चिम रेल्वेवरच पाहा. तारयंत्राच्या काळात एकेक अक्षर वाचवणे गरजेचे असल्याने स्थानकांना आखूड संकेत होते आणि तिकिटांवर, पार्सलांवर असे संकेत आजही असतात. विरारचा संकेत व्ही-आर, नालासोपाऱ्याचा एन-एस-पी. वसई रोडचा मात्र बी-एस-आर! यातला बी आला बॅसीनमधून. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांनी ‘व’चा ‘ब’ केला, इंग्रजांनी तोच पुढे चालवला आणि संकेतात तो टिकून राहिला. आता त्याच मार्गावर भाईंदर आहे बी-वाय-आर आणि बोईसर बी-ओ-आर. तिघांत फरक फक्त मधल्या अक्षराचा. शेवटचे अक्षर चुकून बी-एस-एल झाले, तर वसईचे पार्सल भुसावळच्या वाटेला लागेल! तीन अक्षरांच्या जुळण्या १७,५७६ आणि भारतातील स्थानके सात हजारांहून अधिक, म्हणजे येथे दाटी होणारच.

यावर उपाय आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली दाखवून दिले की संकेत एकमेकांपासून किती जागांनी वेगळे आहेत हे मोजावे आणि ते अंतर मुद्दाम वाढवावे. आपण संकेताला तपासणीचे एक अक्षर जोडून पाहू. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असे झेडपर्यंत आकडे द्या. बी-एस-आर यांची बेरीज २ + १९ + १८ = ३९. त्यातून २६ वजा केले की १३ उरतात, तेरावे अक्षर एम. संकेत झाला बी-एस-आर-एम. याच रीतीने बोईसरला आय आणि भाईंदरला एस मिळतो. आता या तिघांपैकी कोणत्याही दोन संकेतांत दोन-दोन जागांचा फरक आहे, म्हणून एक अक्षर चुकले तर ते उघडकीस येईल. आधारच्या १२ अंकी क्रमांकातील शेवटचा अंक असाच तपासणीसाठी असतो.

आपल्या पद्धतीत मात्र एक भोक राहिले आहे. बी-एस-आरचे चुकून बी-आर-एस झाले, तर बेरीज तीच येते. असा अंकांच्या अदलाबदलीचा घोटाळाही पकडणारी युक्ती डच गणिती व्हेरहूफ यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली आणि आधारसाठी तीच वापरली आहे. तुम्ही त्याहून सोपी युक्ती करून पाहा: पहिल्या अक्षराच्या आकड्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने गुणा, मग बेरीज करा आणि २६ ने भागून उरणारी बाकी घ्या. अदलाबदल झालेला बी-आर-एस लगेच सापडेल. पण मधल्या एसऐवजी एफ पडला तर काय होते, तेही करून पाहा, आणि तसे का होते याचा शोध घ्या.